कंडक्टरचा डावा गाल

माझ्या सासऱ्यांना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, कंबरेची तक्रार नाही, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. माणूस बसत नाही, एवढंच. जेवताना दोन घास झाले की उठतात, दाराशी जाऊन रस्ता पाहतात आणि परत येऊन तिसरा घास घेतात. टीव्ही उभ्याने पाहतात. कुणी भेटायला आलं तर त्याला खुर्ची देतात आणि स्वतः त्याच्याभोवती फिरत बोलतात, त्यामुळे पाहुण्याची मान दुखते आणि तो लवकर जातो.

मोतीराम सोमकुवर हे त्यांचं नाव, पण सौंसरच्या बसस्टँडवर त्यांना मोतीराम कंडक्टर म्हणूनच ओळखतात. सगळं आयुष्य सौंसर-नागपूर गाडीवर गेलं. आधी सरकारी गाडी होती, ती बंद झाल्यावर खाजगी. सकाळी सौंसरहून निघायचं, सावनेरमार्गे नागपूर गाठायचं आणि संध्याकाळी परत. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडायची, गर्दी मागे सरकवायची आणि जरा मोकळीक मिळाली की दाराच्या दांडीला धरून वारा खायचा. दोन वर्षांपूर्वी मालकानं सांगितलं, काका, आता आराम करा. आराम म्हणजे काय ते या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी उठले, तिकिटांची चामडी पिशवी खांद्यावर अडकवली आणि स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली. ते परत आले, चहा प्यायले आणि पुढच्या गाडीच्या वेळेला पुन्हा गेले. तेव्हापासून हे रोज चाललं आहे. पिशवी रिकामी असते, पण खांद्यावर असते.

हे सगळं मी इतक्या जवळून पाहतो, कारण मी त्यांच्याच घरी राहतो. सासूबाई, वत्सलाबाई, गेल्यानंतर माझ्या बायकोला, करुणाला, बापाला एकटं ठेववेना, आणि माझी शाळा रामाकोन्याला, म्हणजे सौंसरहून सोयीची. म्हणून मी पांढुर्ण्याचं बिऱ्हाड हलवलं. घरजावई या शब्दावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे मी ऐकले आहेत. सासऱ्यांचा विनोद वेगळा आहे. आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात. तेवढ्यावरून ते स्टँडवर माझी ओळख अशी करून देतात, "हे आमचे जवाई. मास्तर आहेत, पन पांढुर्ण्याचे आहेत. जरा लांब राहूनच बोला." मला राग लवकर येतो हे खरं आहे, त्यामुळे लोक हसतात आणि मला आणखी राग येतो.

आता करुणाबद्दल. ती आधी सौंसरच्या एका ब्युटी पार्लरमध्ये होती, नवऱ्या सजवायची. तिचा हात फार चांगला होता, पण एक खोड होती. नवरीच्या मानेचा जो रंग असेल तोच ती चेहऱ्याला लावायची. नवरीच्या मावश्यांना चेहरा दोन पायऱ्या उजळ हवा असायचा. रोज भांडणं व्हायची. शेवटी तिने ते काम सोडलं आणि घरी बसून तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल रंगवू लागली. तिथून फोनवर पाहता पाहता ती या भलत्याच नादाला लागली. बेंगलोर, पुणे इथले शिकलेसवरलेले लोक टेबलाभोवती बसून फासे टाकत एक खेळ खेळतात. त्यात काल्पनिक राज्यं असतात, राक्षस, चेटकिणी, योद्धे असतात आणि त्या प्रत्येकाची अंगठ्याएवढी मूर्ती असते. ती राखाडी, कोरी मिळते. रंगवायला ते लोक ती कुरिअरने करुणाकडे पाठवतात. डोक्याला भिंग बांधून, चार केसांचा ब्रश घेऊन ती खिडकीशी बसते. दिवस मावळला की काम बंद, कारण बल्बच्या उजेडात कातडीचा रंग खोटं बोलतो असं तिचं म्हणणं आहे.

सासरे या सगळ्याला बाहुल्या म्हणतात. "रंगवून झाली का तुही बाहुली?" असं जाता येता विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता स्टँडवर जातात.

या जानेवारीत बेंगलोरच्या एका डॉक्टरांनी एक मूर्ती पाठवली. त्यांच्या खेळातल्या राज्याचा हा म्हातारा निरोप्या. अंगात चामड्याची बंडी, पायात उंच चामडी बूट, खांद्यावरून तिरपी चामड्याची पिशवी आणि कुठेतरी लांब पाहणारा सुरकुतलेला चेहरा. करुणाने तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अतुल, हा बाबा आहे." मला तर तो दाढीवाला कुठला तरी परदेशी म्हातारा वाटला. पण बायको असं ठामपणे बोलते तेव्हा मी वाद घालत नाही. बाकी सगळ्या बाबतीत घालतो.

चामडं तिला पटकन जमलं. नमुना घरातच होता ना. सासरे आंघोळीला गेले की पिशवी खुंटीला असायची आणि करुणा तिच्यासमोर उभी राहायची. पिशवीच्या झाकणावर जिथे तळवा घासून घासून गेला होता तिथे चामडं काळपट आणि गुळगुळीत झालं होतं. कडा मात्र फिकट, तंतू निघालेल्या. पट्टा जिथे वाकतो तिथे बारीक भेगा, आणि भेगांच्या तोंडाशी बदामी रंग. तिने मूर्तीच्या पिशवीला आधी गडद तपकिरी दिला, मग स्पंजच्या तुकड्याने ठिपके, मग कडांवर केसासारख्या रेघा. झाकणावर तळव्याएवढा, म्हणजे मूर्तीच्या तळव्याएवढा, काळसर डाग दिला आणि तेवढ्यावरच चमक ठेवली. मी भिंगातून पाहिलं आणि मला त्या पिशवीचा वास आला. खोटं नाही सांगत.

चेहरा मात्र येईना. कातडी रंगवायची या लोकांची एक रीत आहे. आधी मधला रंग द्यायचा. मग खोलगट जागी, सुरकुत्यांत, पातळ गडद रंग सोडायचा. मग उंचवट्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर उजळ थर चढवत जायचं, एकेक थर बिनदुधाच्या चहाइतका पातळ. करुणाला हे झोपेतही येतं. तिने केलं. चेहरा रीतसर झाला आणि आजाऱ्यासारखा दिसू लागला. तिने मूर्ती साफ करायच्या पाण्यात बुडवली, टूथब्रशने घासून रंग काढला, पुन्हा केलं. पुन्हा काढलं. आधी बापच घरात येरझारा घालायचा, आता लेकही घालू लागली. एक दाराकडे जातो तर दुसरी खिडकीकडे, आणि मधल्या वाटेवर मी वह्या तपासत बसलेला. माझ्या लाल पेनाच्या रेघासुद्धा वाकड्या जायला लागल्या.

एका सकाळी सासरे दाराशी उभे होते. करुणा त्यांच्याकडे एकटक बघत राहिली आणि अचानक म्हणाली, "बाबाचा डावा गाल कुठे गेला?"

मला वाटलं, हिला काहीतरी झालं. मग तिने समजावून सांगितलं. गाडीचं दार डाव्या बाजूला. कंडक्टर दाराशी. सकाळी गाडी सौंसरहून दक्षिणेला निघते तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे डावीकडे. संध्याकाळी गाडी उत्तरेला परत येते तेव्हा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. सगळं आयुष्य या माणसाच्या उजव्या गालाला ऊन ठाऊक नव्हतं. डावा गाल, डावा कान, डावा हात उजव्याहून चांगल्या दोन छटा काळे. वत्सलाबाई त्यांना चिडवायच्या, माझी भाकर एकाच बाजूने भाजली, उलटवायची राहिली. करुणा लहानपणापासून तो चेहरा पाहत आली होती, म्हणून तिला तो वेगळा असा कधी दिसलाच नाही. आणि आता दोन वर्षं गाडी नाही, स्टँडवर उभं राहायचं तर शेडखाली. गाल उजळत चालला होता. दोन बाजू एकमेकींना मिळत चालल्या होत्या.

"काही दिवसांनी बाबा सगळीकडून सारखा होईल," ती म्हणाली, "आणि आपण विसरून जाऊ."

फोटो शोधले. लग्नातले फोटो पांढऱ्या उजेडात मारलेले, त्यात सगळेच भुतासारखे. ओळखपत्रावरचा फोटो सौंसरच्या स्टुडिओवाल्याने प्रेमाने गोरा करून ठेवलेला. करुणा त्या फोटोवर जशी चिडली, तसं मी तिला पार्लरमधल्या मावश्यांवरसुद्धा चिडलेलं ऐकलं नव्हतं. आता एकच मार्ग होता. जे काही शिल्लक आहे ते जिवंत माणसावरून उतरवायचं, लवकर.

"बाबा, खिडकीपाशी बसा थोडा वेळ," ती म्हणाली.

"हाव, बसतो ना." बसले. तिने ब्रश ओला करेपर्यंत उठले.

"कुठं चालला?"

"पाहतो जरा, कोनी आलं का."

"कोणी नाही आलं. बसा."

बसले. तिने छटा जुळवायला गालाजवळ रंग लावलेली कागदाची पट्टी धरली. त्यांनी मान वळवली. "हे काय लावून राहिली मले? काहून?"

"लावत नाही बाबा, पाहून राहिली."

"पाह्य ना मंग, म्या कुठं नाई म्हनलं?" असं म्हणत ते दारापर्यंत पोहोचले होते.

हे कितीतरी दिवस चाललं. करुणाचं जेवण कमी झालं, बोलणं तुटक झालं. शेवटी एका रविवारी माझाच तोल गेला. मी वह्या आपटल्या आणि ओरडलो, "बाबा, पोरगी तुमच्यासाठी जीव टाकते आहे आणि तुम्हाला घटकाभर एका जागी बसता येत नाही? काळजाच्या जागी दगड आहे का तुमच्या?"

सासरे दारात थांबले. त्यांना राग आला नाही. ते चक्क ओशाळले, आणि ते पाहून मलाच वाईट वाटलं. खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "जवाई, जमीन हालत नाई ना. मले उभी गाडी सहन होत नाई. उभ्या गाडीत पब्लिक बोंबलते, आतून मले तसंच होऊन राह्यते दिवसभर."

करुणाने हातातला ब्रश खाली ठेवला. "अतुल," ती म्हणाली, "उद्या सुट्टी टाक."

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं नागपूरच्या गाडीत चढलो. कंडक्टरचं नाव उत्तम, कधीकाळी सासऱ्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने "जयभीम काका" म्हणून दारामागची डावी खिडकी रिकामी करून दिली. तिकीट द्यायला मात्र तयार होईना. तिकिटाशिवाय सासरे जागेवर बसेनात. "तिकीट फाड. माह्या गाडीत माहा सासराबी फुकट आला नाई कधी." उत्तमने नाइलाजाने तीन तिकिटं फाडली. सासऱ्यांनी आपलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं, त्या रिकाम्या पिशवीत ठेवलं, झाकण बंद केलं आणि त्यावर तळवा ठेवला. नेमका त्या काळ्या डागावर.

गाडी निघाली आणि माणूस बसला. कसा बसला म्हणून सांगू! पाठ टेकवून, मान खिडकीकडे, हात मांडीवर. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, मागे संत्र्याच्या क्रेट एकमेकींवर आपटत होत्या, माझा चष्मा दोनदा नाकावरून सुटला. ते हलले नाहीत. मी लग्न झाल्यापासून त्यांना असं पाहिलं नव्हतं. करुणा समोरच्या आडव्या सीटवर बसली. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या स्पंजवर कागद अंथरून तिने तपकिरी रंगांच्या डझनभर बोटभर रेघा ओढून आणल्या होत्या. डबा धरायचं काम माझ्याकडे. लोक बघायला लागले. एका बाईने विचारलं, "हे काय सरकारी सर्वे आहे का?" मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार होतो?

वाटेत ऊन आत आलं, थेट डाव्या गालावर. सासऱ्यांनी जुन्या सवयीने डोळे बारीक केले. मग गाडी झाडांखालून गेली आणि त्यांनी डोळे सैल सोडले. करुणाने माझा हात एवढ्या जोरात धरला की डबा पडता पडता राहिला.

"दिसलं तुला?"

"काय?"

"पांढऱ्या रेघा."

मग मलाही दिसलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्यांचा पंखा होता, आणि त्या सुरकुत्यांच्या तळाशी कातडी फिकट होती. उन्हात डोळे बारीक करून करून घड्या मिटलेल्या राहिल्या, ऊन वरच्या वर भाजत गेलं, आत पोहोचलंच नाही. करुणा इतके दिवस रीतीप्रमाणे सुरकुत्यांत गडद रंग भरत होती. या माणसाच्या सुरकुत्या आतून उजळ होत्या. रीत उलटी होती. घरात तो चेहरा उजेडात एवढ्या जवळ घटकाभर थांबतच नाही, मग दिसणार कुठून?

ती रंग जुळवायला लागली. कागदाच्या पट्टीवर एक रेघ ओढायची, गालाजवळ धरायची, मान हलवायची, थेंबभर पिवळा घालायची, थोडा वीटकरी. नागपूरला आम्ही स्टँडवरच चहा प्यायलो आणि उजव्या गालाचा रंग तिथे सावलीत घेतला. परतीच्या गाडीत पुन्हा तीच जागा, पुन्हा डावीकडून ऊन, यावेळी मागून, कानाच्या पाळीतून लाल होऊन येणारं. तेही तिने घेतलं. सौंसर आलं तेव्हा तिच्या पट्टीवर बाप पूर्ण उतरला होता.

चेहरा तिने दोन दिवसांत केला. डावी बाजू भाजलेली, उजवी मऊ, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्या उजळ रेघा, इतक्या बारीक की ब्रश टेकवताना ती श्वास रोखून धरायची. पूर्ण झाल्यावर तिने निरोप्याला सासऱ्यांच्या हातावर ठेवलं आणि भिंग दिलं. त्यांनी पाहिलं. दाराशी गेले. परत आले, पुन्हा पाहिलं. पुन्हा दाराशी गेले आणि यावेळी तिकडेच तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

"तुही माय असती," ते पाठमोरे म्हणाले, "त म्हनली असती, याचीबी भाकर उलटवाची राह्यली."

करुणा रडली. मीही रडलो, सांगायला लाज नाही.

बेंगलोरच्या डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांचा निरोप आला. काम सुंदर आहे, पण डाव्या बाजूची सावली जरा जास्त झाली का? थोडी उजळ करता येईल? मी बोलायला सुरुवात करणार होतो, आणि मी काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही. करुणाने शांतपणे उत्तर टाइप केलं, "ती सावली नाही. ते ऊन आहे. बदलणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, पाठवा.

ती मूर्ती कापसात गुंडाळत होती तेव्हा सासरे येऊन उभे राहिले. "कुठं पाठवून राहिली मले?"

"बेंगलोरले, बाबा."

"तिकीट काढलं का?"

तिने कुरिअरची पावती दाखवली. त्यांचं समाधान झालं. पण डबा बंद झाल्यावर ते तिथेच घुटमळत राहिले. आपल्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "तू म्हने ना, हा रंग उतरून राह्यला? मंग आता दुसरी केली त?"

"दुसरीच्या वेळेस असेल तेवढा घेऊ," करुणा म्हणाली. आवाज तिने हलका ठेवला, पण चेहरा तिला लपवता आला नाही, आणि तो त्यांनी पाहिला.

त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेला निघालो तर अंगणात खुर्ची होती आणि खुर्चीवर सासरे बसलेले. दक्षिणेला तोंड करून, डावा गाल उन्हाला देऊन, पिशवी मांडीवर, तळवा झाकणावर. मला वाटलं चक्कर आली असेल. विचारलं तर मान न वळवता म्हणाले, "जा तुमी, शाळेले उशीर होते." संध्याकाळी परत आलो तर खुर्ची तिथेच, फक्त फिरवलेली. तोंड उत्तरेला, मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडे. करुणा आतून खिडकीला धरून बघत होती. तिने मला खूण केली, बोलू नकोस.

आता मला गप्प राहणं कुठे जमतं? फाल्गुनातलं ऊन, त्यात हे वय. मी जवळ गेलो. "बाबा, पुरे झालं. किती वेळ बसणार? चला आत, चहा झाला आहे."

त्यांनी उन्हाकडे डोळे बारीक केले. कोपऱ्यातल्या घड्या मिटल्या.

"थांबा जवाई," ते म्हणाले, "आत्ता सावनेर सुटलं. सौंसर आलं की उतरतो."